डाव्या कोपऱ्यातलं चित्र

मुजावर बाईंना कुणाचं वाक्य दुसऱ्या कुणी पुरं केलेलं अजिबात खपत नसे. समोरचा अडखळला, शब्द शोधत थांबला आणि आपण मदत म्हणून तो शब्द पुरवला, की बाई आपल्याकडे अशा बघत, जणू आपण त्याच्या ताटातली भाकरी उचलली आहे. "तुमाला विचारलंय का मी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते त्यांनी मला ऐकवलं, माझ्या सहशिक्षकांना ऐकवलं, सरपंचांना ऐकवलं आणि एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनाही ऐकवलं. साहेब जाताना मला म्हणाले, "बाई जरा तिखट आहेत." मी म्हटलं, "जरा नाही साहेब."

रहिमतपूरच्या पलीकडच्या एका लहान गावात मी मुख्याध्यापक आहे. मुख्याध्यापक म्हणजे फार काही समजू नका. तीन खोल्या, तीन शिक्षक, त्यातला एक मी आणि घंटाही बऱ्याचदा मीच देतो. बाई आमच्या शाळेच्या नव्हत्या. त्या विशेष शिक्षिका, कंत्राटावरच्या. ज्या मुलांना बोलता येत नाही किंवा बोललेलं कुणाला कळत नाही, अशा मुलांसाठी त्या गावोगाव फिरत. आमच्या गावाच्या वाट्याला त्यांचा मंगळवार आला होता. पांढऱ्या स्कूटीवर यायच्या. पायाशी रेक्झीनची फुगलेली पिशवी, डोक्यावरून घट्ट गुंडाळलेली ओढणी, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. वय पंचेचाळीसच्या घरात. पिशवी उघडली की पुठ्ठे चिकटवायच्या खळीचा वास यायचा, कारण बाई मूळच्या आष्ट्याच्या आणि त्यांच्या वडिलांचं आष्ट्यात पुस्तकबांधणीचं दुकान होतं. लहानपणापासून त्यांनी पुठ्ठे कापले होते, जुनी पुस्तकं शिवली होती. ती विद्या त्यांनी मुलांसाठी वापरली. ज्याला तोंडानं बोलता येत नाही त्याला त्या एक वही बांधून द्यायच्या. जाड पुठ्ठ्याची पानं, पानावर चित्रं किंवा फोटो, वरून प्लॅस्टिक. मुलानं चित्रावर हात ठेवायचा, ते त्याचं बोलणं. एखाद्या मुलाला बोट चालायचं, एखाद्याला मूठ, एखाद्याला नुसती नजर. त्याप्रमाणे वही वेगळी.

कचेरीतून अशा मुलांसाठी छापील तक्ते आले होते. गुळगुळीत, रंगीत. त्यावर लिहिलेलं : मला पाणी हवे आहे. मला शौचास जायचे आहे. धन्यवाद. बाईंनी तो तक्ता माझ्या टेबलावर पसरला आणि विचारलं, "आवं सर, ह्या गावात धन्यवाद कोण म्हणतं? तुमी म्हणता?"

मी म्हटलं, "भाषणात म्हणतो."

"मग तुमी ठिवा." पण माझ्याजवळ ठेवला नाही. उलटा करून त्याचे चौकोन कापले आणि मागच्या कोऱ्या बाजूला आपली चित्रं चिकटवली. पुठ्ठा मात्र चांगला आहे, असं कबूल केलं.

आमच्याकडे त्या यायच्या त्या आरोहीसाठी. आरोही म्हणजे गावातल्या सुभेदारांची नात. सुभेदार निवृत्त होऊन शेती बघायचे, ऊस लावायचे, आणि त्यांचा मुलगा, म्हणजे आरोहीचा बाप, तोही फौजेतच, वर्षातून दोनदा सुट्टीवर येणारा. घरात ही पोर आणि तिची आई सुवर्णा. जन्मताना आरोही रडली नव्हती. मेंदूला वेळेवर हवा पोचली नाही, त्यामुळे हातपाय ताठ, मान डगमगणारी, तोंडातून नुसता आवाज. डावा हात तेवढा तिच्या मनाप्रमाणे हलायचा, तोही मूठ वळलेला. नऊ वर्षांची होती. दुसरीच्या पटावर नाव होतं आणि आई तिला चाकाच्या खुर्चीतून आणून माझ्या वर्गात खिडकीजवळ ठेवायची. खरं सांगायचं तर बाई येईपर्यंत मी तिला वर्गातलं एक सामान समजत होतो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच होतं.

बाईंनी वही लगेच केली नाही. मंगळवारची वाट न बघता आठवडाभर रोज सुभेदारांच्या सोप्यात जाऊन नुसत्या बसल्या. पायाशी पिशवी, हातात एक छोटी डायरी, घरातले लोक काय बोलतात ते टिपत. शेजारच्या बायकांना वाटलं जनगणनेची बाई आली आहे. एकीनं तर आपल्या घरातल्या माणसांची नावं सांगायलाही सुरुवात केली. बाई टिपत होत्या : गप की. आलोच. लय झालं. आगं आय. चल. बास. याच शब्दांची चित्रं काढायची, कारण पोरीच्या कानावर नऊ वर्षं हेच पडलंय, बोलायचं झालं तर ती हेच बोलेल, असं त्यांचं म्हणणं.

आणि पहिल्या पानावर पहिलं चित्र 'नको'चं. सुवर्णा म्हणाली, "बाई, आदी पाणी ठिवा की."

"पाणी तुमी न मागता देता तिला. नको कोण देणार?"

ते चित्र आल्यावर पंधरा दिवस आरोहीनं दुसरं काही म्हटलंच नाही. भाकरी नको. अंघोळ नको. वेणी नको. शाळा नको, घर नको. मूठ धाडधाड 'नको'वर आपटायची आणि मान मागे टाकून हसायची. सुभेदार वैतागले. मला रस्त्यात गाठून म्हणाले, "सर, ही काय बला आणली तुमी घरात? आमच्या घरात कुणी नको म्हणत न्हाई." मग एका सकाळी दुधाचा पेला समोर आला आणि तिनं पुन्हा नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी दुधाऐवजी चहात बिस्कीट बुडवून दिलं तर नको म्हटलं नाही. सुभेदार त्या दिवशी शाळेत येऊन माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. "नऊ वरसं सर, नऊ वरसं रोज पेलाभर दूध पाजलं तिला. नाक दाबून पाजलं. पोरीला आवडतच न्हवतं व्हय!" हसत होते आणि डोळे पुसत होते. पुढच्या मंगळवारी त्यांनी बाईंना एकच विनंती केली, वहीत एक 'जय हिंद' टाका. बाईंनी टाकलं. सुभेदार सकाळी दारात उभे राहून पोरीला सलाम ठोकायचे आणि ती मुठीनं उत्तर द्यायची.

माझाही फोटो वहीत होता. एकदा मी पाढे घेत होतो, तेवढ्यात खिडकीजवळून ठोके ऐकू आले. आधी माझ्या फोटोवर, मग पान उलटायला शेजारच्या मुलीला खूण, मग 'बास'वर. सगळा वर्ग हसला. मी चिडलो, आणि मग हसलो. त्या दिवसापासून ती सामान राहिली नाही.

मुलाच्या तोंडावर हात ठेवणाऱ्या माणसांशी बाई कशा वागायच्या, याचा एक किस्सा त्यांनीच सांगितलेला. पूर्वी त्या कराडजवळ मलकापूरला होत्या. तिथल्या एका मुलीला कुणीतरी बोलणारा टॅब दिला होता, चित्राला हात लावला की शब्द उच्चारणारा. महिन्यानं बाई घरी गेल्या तर टॅब दिसेना. मुलीच्या वडिलांनी अभिमानानं कपाट उघडलं. टॅब मऊ कापडात गुंडाळून, वर हळदकुंकू लावून ठेवलेला. "मोडंल म्हणून काढत न्हाई. पावणं आलं की दाखवतो." बाई काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या आणि बसूनच राहिल्या. चहा घेणार का, गप्प. पाणी आणू का, गप्प. कुणी चिडवलंय का बाई, गप्प. शेवटी घरातले घाबरले. तेव्हा बाईंनी कपाटाकडे बोट केलं आणि म्हणाल्या, "माझं बोलणं कपाटात ठिवलंय तुमी. काडून दिलं तर बोलीन." टॅब निघाला आणि पुन्हा कपाटात गेला नाही.

त्यांचे दोन नियम होते. एकदा दिलेला शब्द काढून घ्यायचा नाही. आणि चित्राची जागा बदलायची नाही. आपण आपल्या घरात दिव्याचं बटण न बघता दाबतो, तसं या मुलांचा हात जागा लक्षात ठेवतो, चित्र नंतर बघतो. दोन्ही नियम त्यांनी मला इतक्या वेळा सांगितले होते की मीही दुसऱ्यांना सांगायला लागलो होतो.

गावात ऊसतोड सुरू झाली त्या सुमाराची गोष्ट. आरोहीच्या वहीत दुसऱ्या पानावर डाव्या खालच्या कोपऱ्यात 'दुखतं' होतं. तिचाच रडतानाचा फोटो. सुवर्णानं मोबाइलवर काढलेला. एक दिवस तिची मूठ तिथं पडायला लागली. घरी, शाळेत, दिवसभर. कुठं दुखतं विचारलं तर पोटाच्या चित्रावर हात जायचा, कधी पायाच्या, कधी कशावरच नाही. डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पोट दाबून बघितलं, पातळ औषध दिलं, गॅस आहे म्हणाले. चार दिवस बरं वाटलं, पुन्हा ठोके सुरू.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. आरोही लबाड होती. तिला रोज अर्धा तास लाकडी चौकटीत बांधून उभं करायचं असे, पाय सरळ राहावेत म्हणून. ते तिला आवडायचं नाही. आधी दोन-तीनदा तिनं चौकट दिसताच 'दुखतं' म्हटलं होतं आणि चौकट बाजूला केल्यावर मान टाकून हसली होती. त्यामुळे आम्हां सगळ्यांना वाटलं, तेच चाललंय. वर्गातली मुलं दर पाच मिनिटांनी ओरडायची, "सर, आरोहीला दुखतंय." ठक ठक ठक. शाळेची तपासणी जवळ आली होती. माझं डोकं फिरायला लागलं.

मी बाईंना म्हटलं, "ते 'दुखतं' तेवढं काढा."

"दुखत आसंल तिला."

"डॉक्टरांनी बघितलंय. सवय लागलीय आता."

"लागू द्या. शब्द काडून घ्यायचा न्हाई सर. तुमचा मी कवा काडला?"

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा, आणि या वेळी सुवर्णाही व्हरांड्यात उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. ती म्हणाली, "बाई, दिवसभर दुखतं म्हणती. दवाखाना केला, शेकलं, चोळलं. मी काय करू सांगा? मला ते बघवत न्हाई." बाई बराच वेळ चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "आठ दिस झाकूया. काडायचं न्हाई, झाकायचं. फुडच्या मंगळवारी उघडते. दुसरं काय बोलती ते बघू."

पिशवीतून कोरा कागद काढला. तेव्हा मी म्हटलं, "मोकळं कशाला ठेवता? काहीतरी चांगलं लावा. छान लावा."

हे मी म्हटलं. 'छान'चं एक चित्र पिशवीत तयार होतं, दुसऱ्या कुणासाठी केलेलं. हसरा चेहरा, अंगठा वर. बाईंनी ते 'दुखतं'वर चिकटवलं आणि प्लॅस्टिक बसवलं. आरोही बघत होती. बाई नेहमीप्रमाणे तिला समजावून सांगत होत्या, "आठच दिस हं आरू." आरोहीनं घशातून आवाज काढला, मूठ उचलली. वर्गात तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीनं बाईंच्या मांडीवरच्या वहीचं पहिलं पान काढून दिलं. तिनं 'नको'वर मूठ मारली. पुन्हा मारली. बाईंचा हात थांबला. माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी घड्याळाकडे बघितलं. बाईंनी वही बंद करून खुर्चीला अडकवली.

दुसऱ्या दिवशी आरोही 'छान' म्हणायला लागली.

ठक ठक ठक, पण आता मुलं ओरडायची, "सर, आरोही छान म्हणती!" भात छान. कविता छान. मी फळ्यावर बेरीज लिहिली, तीही छान. घरी सुभेदार सलाम करायचे तर 'जय हिंद' सोडून 'छान'. सुवर्णा कितीतरी दिवसांनी हसली. मी बाईंना मोबाइलवर संदेश पाठवला : बाई, जादू झाली. त्यांचं उत्तर आलं : बरं. पोरीचा चेहरा छान म्हणण्यासारखा नव्हता हे मला दिसत होतं का? दिसत असावं. ती घामेजलेली असायची, ओठ चावायची. पण तिचा चेहरा नेहमीच थोडा वाकडा असायचा, आणि ती छान म्हणत होती, आणि मला ते हवं होतं.

पुढच्या मंगळवारी बाई आल्या नाहीत. त्यांना साताऱ्याला कसल्यातरी प्रशिक्षणाला पाठवलं होतं. फोन करून म्हणाल्या, आल्या आल्या उघडते. गुरुवारी आरोहीला उलट्या सुरू झाल्या, हिरव्या. पोट फुगून टणक झालं. कराडच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आतड्याला पीळ पडलाय, बरेच दिवस आत कोंडलं असणार, इतके दिवस पोरगी काही बोलली नाही का? शुक्रवारी दुपारी ती गेली.

रविवारी सावडण्याच्या दिवशी सुभेदारांच्या अंगणात सतरंज्या टाकल्या होत्या. बाप सुट्टी घेऊन आला होता, भिंतीला टेकून बसला होता. येणाऱ्या प्रत्येकाला सुभेदार एकच सांगत होते, "शेवटपर्यंत छानच म्हणत हुती माझी नात. येका शब्दानं कुरकुरली न्हाई. फौजी रक्त." बायका सुवर्णाला हेच म्हणत होत्या, सुखात गेली गं पोर, छान छान करत गेली. त्या घराला त्या दिवसांत तेवढाच आधार होता.

बाई दुपारी आल्या. आरोहीचा फोटो पाटावर ठेवला होता, हार घातलेला, आणि शेजारी वही. बाई फोटोच्या पाया पडल्यासारख्या वाकल्या आणि वही उचलली. दुसरं पान उघडलं. मी चार हातांवर होतो, मला दिसत होतं. वरचे दोन चौकोन आणि उजवा खालचा, यांवर ओरखडाही नव्हता. डाव्या खालच्या कोपऱ्यातलं प्लॅस्टिक मुठीनं फुटलं होतं आणि हसऱ्या चेहऱ्याचा रंग निघून गेला होता.

बाईंनी त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग त्यांनी सुवर्णाला जवळ बोलावलं.

"सुवर्णा, ती छान म्हणत न्हवती."

सुवर्णाला कळलं नाही. कुणालाच कळलं नाही. बाईंनी नखानं 'छान'चा कागद सोलून काढला. खालून आरोहीचा रडतानाचा फोटो निघाला.

"तिनं चित्र बघितलंच न्हाई. तिचा हात तिथंच जात हुता. ती दुखतंच म्हणत हुती. रोज. आपल्याला."

सुभेदार उठले. मी त्यांना त्या पोरीला सलाम करताना बघितलं होतं, त्याच माणसाचा आवाज असा होईल असं मला वाटलं नव्हतं. "हे झाकायला कुणी सांगितलं हुतं?"

"मी झाकलं."

"कुणी सांगितलं म्हणून इचारतोय मी!"

"कुणी न्हाई. वही माझी, हात माझा."

मी तिथंच होतो, शाळेच्या लोकांबरोबर, सतरंजीवर. तीस वर्षं मी बोलून पगार घेतोय. माझं तोंड उघडलं नाही. मी माझ्या पायांकडे बघत बसलो. सुवर्णालाही ठाऊक होतं की तीही म्हणाली होती, पण ती आई होती, तिला कोण काय म्हणणार? माझं तसं नव्हतं. सुभेदारांनी बाईंना बाहेर जायला सांगितलं, हात धरून नव्हे, पण तेवढंच बाकी होतं. बाई अंगणाच्या फाटकापाशी पोचल्या तेव्हा सुवर्णा एवढंच म्हणाली, "तुमीच तोंड दिलं हुतं तिला बाई." आणि आत गेली.

मी स्कूटीपाशी गेलो. मला वाटत होतं की निदान एवढं तरी विचारावं. "का सांगितलंत बाई? कुणाला कधी कळलं नसतं."

त्यांनी चावी फिरवली. "तिचं बोलणं हाय ते, सर. तिच्या आईपतोर पोचवायचं हुतं. मदीच ठिवून घेऊ व्हय मी?"

गावात बरेच दिवस हीच चर्चा. बहुतेकांचं म्हणणं, बाईंनी गप्प बसायला हवं होतं, घराचा आधार काढून घेतला. मीही मान डोलवायचो. मला तर त्यांनी गप्प बसायला हवंच होतं. सुभेदारांनी कचेरीत तक्रार दिली. बाईंकडे खुलासा मागितला. त्यांनी खुलासा लिहिला नाही. कंत्राट संपलं, पुढे वाढलं नाही. शाळेनं काही सांगितलं होतं का, असं मला एका साहेबांनी तोंडी विचारलं होतं. मी म्हटलं, तो त्यांचा विषय आहे, आम्हाला त्यातलं कळत नाही. हे वाक्य मी आधी घरी तयार करून गेलो होतो.

बाई आष्ट्याला गेल्या. आसपासच्या गावांतल्या मुलांच्या वह्या हळूहळू फाटल्या. नवीन कुणी आलं नाही.

मग दोन वर्षांनी, यंदा, माझ्या शाळेत तन्वी आली. सात वर्षांची. बोलत नाही, हातही चालत नाहीत. आई शेतमजूर, तिला खुर्चीत सोडून जाते. मी तिच्याकडे बघतो आणि मला काही करता येत नाही. शेवटी एका शनिवारी एसटी पकडून आष्ट्याला गेलो. बाईंच्या भावानं दुकान वाढवलंय, झेरॉक्स, लग्नपत्रिका, लॅमिनेशन. बाई आतल्या बाजूला जमिनीवर बसून शाळांची हजेरीपत्रकं बांधत होत्या. केस पांढरे झालेत. मला बघून आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही. "बसा सर," म्हणाल्या आणि दाभण चालूच ठेवलं.

मी तन्वीचं नाही, आधी दुसरं बोललो. म्हटलं, बाई, ते झाकायला मी सांगितलं होतं. छानसुद्धा मीच म्हटलं होतं. त्या दिवशी मी सांगायला हवं होतं.

बाईंनी दोरा ओढून गाठ मारली. "तुमी सांगितलं खरं. पर ती नको म्हणाली तवा वही माझ्या मांडीवर हुती."

त्यांनी मला क्षमा केली नाही आणि दोषही दिला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी त्यांच्यापुढे माझं ओझं उतरवायला गेलो होतो, त्यांच्याकडे ते ठेवायला जागाच नव्हती. मग मी म्हटलं की शाळेत एक नवी मुलगी आलीय, बोलत नाही, हातही चालत नाहीत, कंत्राट वगैरे राहू द्या, तुम्ही नुसत्या या, आठ दिवस बसा. त्या म्हणाल्या, "दुसरं कुणीतरी बघा." मी म्हटलं, दुसरं कुणी नाही. त्या म्हणाल्या, "मग न्हाई." रागानं नव्हे. दुकान बंद आहे असं सांगावं तसं.

तरी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. कराडची गाडी लागली होती. मी खिडकीशी बसलो. गाडी सुरू झाल्यावर खाली उभ्या उभ्या त्यांनी विचारलं, "नाव काय पोरीचं?"

"तन्वी."

"हात चालत न्हाई म्हणला. नजर?"

"नजर चालते. हवं त्याच्याकडे बघत राहते."

"मग मांडीवर न्हाई ठिवायची वही. समोर उभी धरायची, आन्..." एवढं म्हणून त्या थांबल्या. चेहरा एकदम बंद झाला. "कशाला सांगितलं तुमी? इचारलं मी, पर सांगायचं न्हवतं."

गाडी मागे सरकली, वळली. मी मान काढून बघितलं. बाई गर्दीत तिथंच उभ्या होत्या, आणि त्यांनी उजवा पंजा आपल्या डोळ्यांसमोर उभा धरला होता. थोडा लांब नेला, थोडा जवळ आणला, पुन्हा थोडा लांब. किती अंतरावर नीट दिसेल ते बघत होत्या. मग त्यांचं त्यांनाच लक्षात आलं असावं. हात खाली घेऊन त्यांनी तो ओढणीत गुंडाळला आणि स्टँडवरच्या बाकावर बसल्या.

तन्वीला अजून वही नाही.